घर बांधताना लक्ष कुठे द्यायचं आणि पैसे कुठे वाचवायचे

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. प्लॉट तयार आहे. मित्राच्या घराचा नकाशा थोडा फिरवून तुम्ही जवळजवळ पक्का केला आहे. कंत्राटदार म्हणतो दोन आठवड्यांत खोदाईला हात घालू. स्वयंपाकघर आणि जिना अजून ठरलेले नाहीत, पण "ते काम चालू असताना बघू" असं त्याचं म्हणणं आहे. तुम्ही बांधकामातले नाही, आणि नोकरी सांभाळून सकाळी अर्धा तास नि संध्याकाळी थोडा वेळच साइटवर जाऊ शकता. खर्च कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये आणि आपण फसवले जातोय हे कसं ओळखावं, हे तुम्हाला हवं आहे. शिवाय घराला भेगा पडतील ही भीतीही तुम्ही शेवटी लिहिली आहे.

घरांच्या कामावर देखरेख करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. जाणूनबुजून केलेली फसवणूक मी पाहिली नाही असं नाही, पण घर बिघडण्याचं मोठं कारण ते नव्हे. एका कामाखाली दुसरं काम झाकलं जातं, आणि झाकण्याआधी ते कुणी नीट पाहिलेलंच नसतं, हे खरं कारण. पाया मातीत जातो, सळई काँक्रीटमध्ये, ड्रेनेजचे पाइप लादीखाली, वायरिंग गिलाव्याखाली. घरमालकाचं लक्ष मात्र लादी, दरवाजे, रंग यांवर खिळलेलं असतं, कारण ते डोळ्यांना दिसतं. लादी आवडली नाही तर दहा वर्षांनी बदलता येते. कॉलमच्या आत उभ्या सळयांभोवती बांधलेली रिंग बदलता येत नाही. म्हणून पुढे जे काही सांगणार आहे ते एकाच धोरणाने सांगतो: जे झाकलं जाणार ते आधी ठरवा, आधी पाहा, आणि पैसा आधी तिथे घाला.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतील. जमीन कशी आहे, पाऊस किती, भूकंपाचा धोका किती, मजले किती, यांवर आकडे बदलतात. मी इथे एक-दोन मजल्यांचं, कॉलम-बीम-स्लॅबचं घर गृहीत धरतो. भिंतींवरच भार असलेलं घर असेल तर काँक्रीटबद्दलचा काही भाग तुम्हाला तसाच्या तसा लागू होणार नाही. पाणी आणि ड्रेनेजबद्दलचा मात्र सगळा लागू होईल.

मित्राच्या नकाशापासून सुरुवात करू. खोल्यांची मांडणी उसनी घेता येते, पाया घेता येत नाही. तुमच्या मित्राच्या घराचे फूटिंग, म्हणजे प्रत्येक कॉलमखालचे पायाचे रुंद ठोकळे, त्याच्या जमिनीसाठी काढलेले आहेत. तुमच्याकडे मुरूम किंवा कातळ वर असेल तर तेच फूटिंग गरजेपेक्षा मोठे ठरतील, आणि काळी माती असेल तर धोकादायक. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया टेकवला की घर दरवर्षी थोडं उचललं जातं आणि थोडं बसतं, आणि ते सगळीकडे सारखं होत नाही. त्याहून वाईट परिस्थिती म्हणजे निम्मा प्लॉट कठीण जमिनीवर आणि निम्मा भराव टाकलेला. कठीण बाजू जागची हलत नाही, भरावाची बाजू खचते, आणि या ओढाताणीत भिंतींना तिरक्या भेगा पडतात. अशा भेगा वरून कितीही बुजवल्या तरी परत उघडतात.

म्हणून खोदाईच्या आधी प्लॉटवर निदान दोन ठिकाणी, एकमेकांपासून लांब, चाचणीचे खड्डे घ्या. प्रत्येक थर किती खोल आहे, खड्ड्यात पाणी येतं का, कुठे विटांचे तुकडे किंवा प्लॅस्टिक निघतं का हे पाहा. प्लॅस्टिक निघालं म्हणजे ती जमीन मूळची नाही, भरावाची आहे. हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि तुमच्या प्लॉटसाठी वेगळं ड्रॉइंग करून घ्या. घराच्या एकूण खर्चात त्याची फी अगदी थोडी असते. ती वाचवण्यासाठी "आमचा मिस्त्री अनुभवी आहे, तो सळई ठरवतो" हा मार्ग धरू नका. अनुभवी मिस्त्री काम सुबक करतो, पण तुमच्या जमिनीची ताकद त्याला बघून कळत नाही. पुष्कळदा तो काळजीपोटी सळई जास्त घालतो, आणि तीही जिथे नको तिथे.

आता जिना आणि स्वयंपाकघर. "काम चालू असताना बघू" हे वाक्य मी या धंद्यात सगळ्यात महाग पडलेलं पाहिलं आहे. जिन्याची जागा ठरली नसेल तर स्लॅबमध्ये मोकळी जागा कुठे सोडायची, तिच्या भोवती बीम कुठून न्यायचे, कॉलम कुठे येतील, यातलं काहीच ठरलेलं नाही. मग ऐन वेळी उरलेल्या जागेत जिना कोंबला जातो आणि पायऱ्या उंच होतात. सतराव्या शतकातल्या फ्रांस्वा ब्लोंदेल या फ्रेंच वास्तुतज्ज्ञाने माणसाच्या पावलावरून एक हिशोब मांडला होता, तो जगभर अजून वापरात आहे: पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची रुंदी (पाऊल ठेवायची पुढे-मागची जागा), ही बेरीज ६० ते ६४ सेंटिमीटरच्या आसपास यावी. समजा खालच्या लादीपासून वरच्या लादीपर्यंत तुमची उंची ३०० सेंटिमीटर आहे. १८ चढ केले तर प्रत्येक चढ साधारण १६.७ सेंटिमीटरचा. रुंदी २८ धरली तर बेरीज ६१.४ येते, चढायला आरामाचा जिना. शेवटचा चढ थेट वरच्या लादीवर नेतो, म्हणून १८ चढांना १७ पायऱ्या लागतात, म्हणजे सरळ रेषेत ४७६ सेंटिमीटर लांबी, किंवा मध्ये चौक (थांबायची सपाट जागा) घेऊन दोन भाग. एवढी जागा कागदावर आजच सापडली पाहिजे.

इथे आणखी एक बारकावा आहे, आणि तो जवळजवळ प्रत्येक साइटवर सुटतो. जिन्याचं काँक्रीट लादी बसण्याच्या आधी होतं. खालच्या खोलीत लादी आणि तिच्या खालचा थर मिळून पाच-सहा सेंटिमीटर चढतात, पायऱ्यांवर मात्र दोन-तीन सेंटिमीटरचा दगड बसतो. हा फरक आधी धरला नाही तर पहिली पायरी ठेंगणी होते आणि शेवटची उंच. पावलाला मधल्या पायऱ्यांची सवय झालेली असते, म्हणून माणूस नेमका तिथेच अडखळतो, विशेषतः वयस्कर माणूस, विशेषतः उतरताना. सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा, लावताना मिस्त्रीला विचारा, "तयार लादीची पातळी धरली आहे ना?" आणि भिंतीवर ती पातळी रंगाने आखायला लावा.

स्वयंपाकघराचंही तसंच. सिंक कुठे येणार यावर सांडपाण्याचा पाइप ठरतो, पाइपावर बाहेरचा चेंबर, चेंबरवर जोत्याची उंची. फ्रीज, ओव्हन, वॉटर फिल्टर, धूर काढायची चिमणी यांच्या जागा ठरल्याशिवाय वायरिंग करणं म्हणजे पुढे गिलावा फोडण्याची तयारी. सगळ्या खोल्यांत फर्निचर मांडलेला नकाशा काढून घ्या, दरवाजा कोणत्या बाजूला उघडतो हेसुद्धा दाखवलेला. पलंगाच्या मागे लपलेला स्विचबोर्ड आणि दार उघडल्यावर दाराआड जाणारा स्विच या दोन्ही गोष्टी कागदावर पाच मिनिटांत सुधारतात. आई-वडील बरोबर राहणार असतील, किंवा तुम्ही स्वतः या घरात म्हातारे होणार असाल, तर तळमजल्यावर एक बेडरूम आणि उंबरठा नसलेलं बाथरूम ठेवा. दार निदान ८० सेंटिमीटर मोकळं मिळेल असं करा, म्हणजे उद्या चाकाची खुर्ची लागली तरी आत जाईल.

नकाशा हातात आला की प्लॉट साफ करून चुन्याच्या फक्कीने खोल्या खऱ्या मापात जमिनीवर आखायला लावा. दारं मोकळी सोडा. घरातल्या सगळ्यांना बोलवा, स्वयंपाकघरातून जेवणाच्या टेबलापर्यंत चालून बघा, पलंगाच्या मापाची चादर अंथरा. फक्त घाबरू नका. उघड्या जमिनीवर आखलेली खोली नेहमी लहान वाटते, भिंती उभ्या राहिल्या की ती मोठी दिसू लागते. डोळ्यावर विसंबण्याऐवजी टेपने मोजा. कोपरे काटकोनात आहेत का तेही याच वेळी तपासा. चौकोनी खोलीचे दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. एकटा कोपरा तपासायचा असेल तर एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४ मीटरवर खूण करा, तिरकं अंतर बरोबर ५ मीटर भरलं पाहिजे.

कराराबद्दल थोडंच सांगतो. चौरस फुटाचा ठोक दर ऐकायला सोपा असतो, पण चौरस फूट कशाकशाचे मोजले यावरच सगळे वाद होतात. बाल्कनी, जिना, पाण्याची टाकी, कंपाउंड, सेप्टिक टँक, गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग या प्रत्येकापुढे "दरात आहे" किंवा "नाही" असं लिहून घ्या. सिमेंट, सळई, पाइप, वायर यांचा दर्जा आणि जाडी नावानिशी लिहा. "चांगल्या प्रतीचं" या शब्दांना बांधकामात काही अर्थ नाही. पैसे कामाच्या टप्प्याने द्या, महिन्याच्या हिशोबाने नव्हे, आणि दिलेला पैसा झालेल्या कामाच्या पुढे कधी जाऊ देऊ नका. शेवटची पाच-दहा टक्के रक्कम एक पावसाळा गेल्यावर द्यायची असं आधीच ठरलं तर चांगला कंत्राटदार त्याला हरकत घेत नाही. जादा काम निघालं की दर ठरवून, लिहून, सही घेऊन मगच सुरू करा. बजेटच्या वर दहा-पंधरा टक्के रक्कम वेगळी ठेवा. खोदाईत खडक किंवा पाणी लागलं की पहिला फटका तिथेच बसतो.

आता काँक्रीट. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या सकाळच्या अर्ध्या तासाचा सगळ्यात जास्त उपयोग इथेच आहे.

काँक्रीट वाळल्यामुळे घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते, तिने ते घट्ट होतं. या क्रियेला सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव पट पाणी पुरतं. प्रत्यक्षात माल खेळवता यावा म्हणून जास्त घालावं लागतं, आणि घरकामात सिमेंटच्या निम्म्या वजनापर्यंत, म्हणजे ५० किलोच्या गोणीला २५ लिटरपर्यंत, ही वरची मर्यादा धरावी. त्यात ओल्या वाळूतलं पाणीही मोजायचं. मजुरांना पातळ माल हवा असतो, कारण तो आपोआप पसरतो. पण जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. त्यातून ताकदही जाते आणि पुढे गळतीलाही वाट होते. मिक्सरपाशी मापाचा डबा ठेवा आणि पाइपने थेट पाणी सोडणं बंद करा. हा एक बदल केलात तरी काँक्रीटचा दर्जा डोळ्यांना दिसेल इतका सुधारतो. घट्ट माल नीट बसावा म्हणून व्हायब्रेटर चालू स्थितीत आहे का, त्याची दुसरी सुई (काँक्रीटमध्ये बुडवायची कंप देणारी नळी) हाताशी आहे का, हे ओतकामाच्या आदल्या दिवशी विचारा. ओतून तासभर झालेला, ताठरलेला माल पुन्हा पाणी मारून वापरू देऊ नका.

वाळू तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या सरळ बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू घ्या, चिमूटभर मीठ घातलेलं पाणी ओता, जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. वाळू खाली बसेल आणि तिच्यावर गाळाचा वेगळा थर दिसेल. वाळूचा थर १० सेंटिमीटर असेल तर गाळ ८ मिलिमीटरच्या आत असावा. जास्त असेल तर गाडी परत पाठवा किंवा वाळू धुऊन घ्या. सिमेंटच्या गोणीवर भरल्याचा आठवडा छापलेला असतो. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी स्लॅबला वापरू नका.

सळईत व्यासाइतकंच महत्त्व तिच्या बाहेरच्या काँक्रीटच्या थराला आहे. त्याला आम्ही कव्हर म्हणतो. ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, त्यामुळे सळईला गंज चढत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हा गुण बाहेरून आत हळूहळू कमी होत जातो. कव्हर कमी असेल तर तो परिणाम सळईपर्यंत लवकर पोचतो. मग गंज चढतो, गंजाचं आकारमान लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे तो आतून रेटतो, आणि स्लॅबचे पापुद्रे सुटतात. जुन्या घरांच्या छतातून सळया डोकावताना तुम्ही पाहिल्या असतील, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. साधारणपणे स्लॅबला २० ते २५ मिलिमीटर, बीमला निदान २५, कॉलमला ४०, आणि जमिनीतल्या फूटिंगला ५० मिलिमीटर कव्हर लागतं. तयार कव्हर ब्लॉक आणा. सळईखाली खडीचा किंवा लादीचा तुकडा सारला असेल तर काढायला लावा. रिंगांची टोकं नुसती काटकोनात वाकवलेली नसावीत. ती आतल्या बाजूला, कॉलमच्या पोटात वळलेली हवीत. भूकंपात रिंग उघडायची नसेल तर हे वळण लागतंच. कॉलम आणि बीम मिळतात तिथे रिंगा जवळजवळ येतात, आणि नेमक्या तिथेच बांधायला अवघड म्हणून गाळल्या जातात. टॉर्च घेऊन आत बघा आणि मोजा.

बाल्कनी आणि छज्जा याबाबतीत तर हट्टच धरा. खोलीच्या स्लॅबमध्ये मधल्या भागात ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई खाली असते. बाहेर काढलेल्या बाल्कनीत ते उलट होतं: ताण वरच्या बाजूला, म्हणून मुख्य सळई वर. ओतकामाच्या दिवशी घमेली घेऊन माणसं याच सळयांवरून चालतात आणि त्या दबून तळाला जातात. वरून काँक्रीट पडलं की कुणाला काही कळत नाही. एका घराच्या बाल्कनीला भिंतीलगत लांब भेग पडली म्हणून मला बोलावलं होतं. थोडं खोलून पाहिलं तर वरची सळई होती तितकीच होती, ड्रॉइंगप्रमाणेच, पण स्लॅबच्या निम्म्या जाडीच्याही खाली गेलेली. सळईचा सगळा पैसा खर्च झाला होता आणि ती काहीच काम करत नव्हती. वरच्या सळईखाली सळईच्याच वाकवलेल्या खुर्च्या पुरेशा आहेत का ते बघा आणि चालायला फळ्या टाकायला लावा. ओतकाम बाल्कनीपाशी पोचेल तेव्हा तुम्ही किंवा तुमचा इंजिनिअर तिथे उभा हवा.

पाइप आणि वायरिंगसाठी जी भोकं लागणार, त्यांच्या जागी ओतण्याआधीच पाइपचे तुकडे बसवून ठेवा. नंतर प्लंबर छिन्नी घेऊन बीम फोडायला लागला तर काम थांबवा, मग तो कितीही लहान भोक म्हणो.

पाणी मारणं, म्हणजे क्युरिंग, हे घराच्या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. आतली ओल गेली की सिमेंटची क्रिया थांबते आणि ताकद वाढायची राहते. निदान ७ दिवस, आणि फ्लाय अॅश (कोळशाची राख) वगैरे मिसळलेलं सिमेंट असेल किंवा उन्हाळा असेल तर १० ते १४ दिवस पृष्ठभाग सतत ओला हवा. दिवसातून दोनदा ओला आणि दुपारी कोरडा असं चालत नाही. स्लॅबवर आळी करून पाणी तुंबवतात ते बरोबरच आहे. उपेक्षा होते ती कॉलमची, कारण उभ्या पृष्ठभागावर पाणी टिकत नाही. कॉलमला गोणपाट गुंडाळा आणि ते ओलं ठेवा. यासाठी वेगळा माणूस नेमा आणि त्याचा पगार तुम्ही स्वतः द्या. माझ्या मते तुमच्या सगळ्या खर्चात या पगाराचा मोबदला सर्वांत जास्त मिळतो.

टेकू काढण्याची घाई होते, कारण सेंट्रिंगचं सामान पुढच्या साइटवर हवं असतं. साधारण नियम असा की साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस राहावेत; ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४, त्यापुढे २१. मिश्र सिमेंट किंवा थंडी असेल तर आणखी थांबा. प्रत्येक स्लॅबच्या वेळी त्याच काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे क्यूब, म्हणजे चाचणीचे ठोकळे, भरून घ्या आणि ७ व्या व २८ व्या दिवशी तपासा. ७ दिवसांत अंतिम ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश भरली पाहिजे. क्यूब भरतात हे माहीत असलं की मिक्सरवरची शिस्त आपोआप वाढते.

काँक्रीटनंतर घराचा दुसरा शत्रू पाणी. ड्रेनेजचा विचार बाहेरून आत करा. सांडपाणी शेवटी जिथे सोडायचं ती पातळी आधी मोजा. चार इंची पाइपला ४० ते ६० मीटरला १ मीटर उतार लागतो, म्हणजे ६ मीटर अंतरात १० ते १५ सेंटिमीटर. शेवटच्या चेंबरपासून मागे हिशोब करत बाथरूमपर्यंत या, मग जोतं किती उंच हवं ते कळतं. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा आणि रस्त्यापेक्षा जोतं निदान ४५ ते ६० सेंटिमीटर वर ठेवा. रस्ता दर डांबरीकरणाला वर चढतो, घर चढत नाही. जोत्यावर ओलरोधक थर टाकल्याशिवाय भिंत सुरू करू नका, नाहीतर जमिनीतली ओल भिंतीतून वर चढत राहते आणि दर वर्षी खालचा रंग पोपडे धरतो. वाळवीचं औषध मारायचं तेही भराव दाबताना, जोतं उघडं असतानाच.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून त्यावर लगेच लादी बसवण्याची पद्धत आहे, ती मान्य करू नका. क्रम असा ठेवा: पाइप आधी टाकून घ्या, पाइपांना प्रेशर देऊन एक रात्र ठेवा, मग वॉटरप्रूफिंग, मग ड्रेनेजची तोंडं बंद करून ४८ तास पाणी तुंबवा आणि खालच्या मजल्यावरून छत बघा. पाण्याची पातळी पहिल्या दिवशीच भिंतीवर पेन्सिलीने आखा. ती उतरली नाही आणि खाली डाग आला नाही, की मग भराव आणि लादी. प्लंबर वॉटरप्रूफिंगनंतर पुन्हा आला आणि त्याने एक जरी भोक पाडलं, तर चाचणी पहिल्यापासून. गच्चीला मीटरला १ सेंटिमीटर उतार द्या, कठड्याच्या कोपऱ्यात काटकोन न ठेवता गोलाई भरा, आणि वॉटरप्रूफिंग कठड्यावर फूटभर वर चढवा. गच्चीची गळती मधून सुरू झालेली मी क्वचितच पाहिली आहे. ती सुरू होते कठड्याच्या सांध्यात आणि पावसाच्या पाइपच्या तोंडाशी.

मग पैसे वाचवायचे कुठे? आकारात. घराचा बाहेरचा आकार जितका सरळ, तितक्या भिंती, कोपरे, बीम आणि गळतीच्या जागा कमी. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या घराला खाचा-कोपरे वाढवले की फक्त भिंतीची लांबी वाढते, राहायला जागा वाढत नाही. बाथरूम एकाखाली एक घ्या आणि स्वयंपाकघर त्यांच्या जवळ ठेवा, पाइपांची लांबी बरीच कमी होते. लहान अंतरावर कॉलम असतील तर बीम आणि स्लॅब हलके होतात. मोठा, कॉलम नसलेला हॉल हवाच असेल तर घ्या, पण त्याची किंमत इंजिनिअरकडून आधी समजून घ्या. फॉल्स सीलिंग, महागडे दरवाजे, मॉड्युलर कपाटं, बाहेरचं दगडकाम हे सगळं पुढे ढकलता येतं. वायरिंग, अर्थिंग, गळता प्रवाह ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर, पाइप, वॉटरप्रूफिंग यांत काटकसर नको. उष्णतेचाही विचार नकाशातच फुकट होतो. आपल्या उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात दुपारचा सूर्य उंच असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो. पश्चिमेचा सूर्य खाली असतो, तिथे छज्जा काही करत नाही. पश्चिमेला खिडक्या लहान ठेवा, आणि जिना, बाथरूम, कोठी अशा खोल्या तिकडे ढकला.

तुमचा वेळ कमी आहे म्हणून रोज जाण्यापेक्षा कोणत्या दिवशी जायचं हे महत्त्वाचं. रजा टाका ती आखणीच्या दिवशी, फूटिंगची सळई बांधून झाल्यावर, प्रत्येक स्लॅबच्या आदल्या दिवशी आणि ओतकामाच्या दिवशी, आणि पाणी तुंबवून बघण्याच्या वेळी. कराराला एक ओळ जोडा: तुम्ही किंवा इंजिनिअरने पाहून सही केल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही, खड्डा बुजवायचा नाही, गिलावा करायचा नाही. बाकीच्या दिवशी सकाळी जा आणि फक्त ओल बघा, कॉलमला हात लावून. गिलाव्याच्या आधी प्रत्येक भिंतीचे आणि प्रत्येक बाथरूमच्या जमिनीचे फोटो काढा, शेजारी टेप धरून, म्हणजे पाइप आणि वायर कोपऱ्यापासून किती अंतरावर आहेत ते दिसेल. उद्या भिंतीत खिळा ठोकताना किंवा गळती शोधताना तेच फोटो कामाला येतात. गवंड्याशी चढ्या आवाजात बोलू नका, पण प्रश्न विचारायला संकोचूही नका. कसलेल्या कारागिराला विचारलेलं आवडतं.

भेगांविषयी तुम्ही शेवटी भीती व्यक्त केली आहे, म्हणून तेवढं सांगतो. गिलाव्यावर जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा येतात त्या सुकताना येतात, रंगकामात बुजतात. कॉलम आणि वीटकाम मिळतं तिथली उभी रेघ टाळायला गिलाव्याआधी त्या सांध्यावर कोंबडी जाळी मारून घ्या. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली किंवा भिंतीत पायऱ्या-पायऱ्यांनी गेलेली तिरकी भेग मात्र लगेच इंजिनिअरला दाखवा. तोपर्यंत भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख टाका. महिन्या-दोन महिन्यांत भेग खुणेच्या पुढे गेली तर हालचाल चालू आहे असं समजा.

तर कंत्राटदाराला दोन आठवड्यांचे चार-सहा आठवडे करायला सांगा. तेवढ्या वेळात चाचणीचे खड्डे, स्ट्रक्चरल ड्रॉइंग, जिना, स्वयंपाकघर आणि फर्निचरचा नकाशा सहज उरकतो. तो फारच घाई करत असेल तर खोदाईऐवजी पाण्याची सोय, सामानाची शेड आणि तात्पुरती वीज ही कामं सुरू करू द्या. खड्डे घेतले की किती खोलीवर काय लागलं आणि पाणी आलं का ते कळवा. मजल्याची उंची आणि जिन्यासाठी सापडलेली जागा सांगितलीत, तर पायऱ्यांचा हिशोब मी करून देतो.